टॅब वाटू नका, माणूस ठेवा

लोधीखेड्यातल्या पोरापोरींच्या मनासाठी पैसे देऊ पाहणाऱ्यांनी काय करावे, काय टाळावे

रात्रीचे साडेअकरा. घरातले झोपलेत. बारावीतला एक पोरगा अंथरुणावर पालथा पडून मोबाइलमधल्या एआयला लिहितो, ‘मले करमून नाही राह्यलं.’ असा पोरगा कोणत्याही गल्लीत सापडेल, म्हणून नाव देत नाही. यंत्राला बहुधा वाटेल की पोराला कंटाळा आला. ते गाणी सुचवेल, छंद सुचवेल, फिरून ये म्हणेल. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या बोलीत या वाक्याचा अर्थ कंटाळा असू शकतो, कोणाची तरी आठवण असू शकते, आणि जगणंच नको झालंय असाही असू शकतो. कोणता, ते आवाजावरून कळतं. चुलतीला कळतं, पानठेल्यावरच्या दोस्ताला कळतं.

एआयला शिव्या घालायला हे लिहीत नाही. पोरं त्याच्याशी बोलतात, कारण ते रात्री जागं असतं, हसत नाही आणि बापाला जाऊन सांगत नाही. हे तिन्ही करणारा माणूस गावात मिळत नाही, उणीव तिथं आहे. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. राज्यांत पहिला महाराष्ट्र, दुसरं तामिळनाडू, तिसरं मध्य प्रदेश. लोधीखेडा तिसऱ्या राज्यात आहे आणि सावनेरच्या दिशेला लागणारी हद्द पहिल्याची.

ही यादी व्यापाऱ्यांसाठी आहे, संत्र्याच्या बागाईतदारांसाठी आहे, गणेश मंडळांसाठी आहे, बोरगावच्या कारखान्यांत सीएसआरची फाइल सांभाळणाऱ्या साहेबांसाठी आहे. आणि गाव सोडून नागपूर-पुण्याला स्थायिक झालेल्या, दिवाळीला येऊन ‘गावासाठी काहीतरी करू’ म्हणणाऱ्यांसाठी तर आहेच.

करा : आधी काम करणारा माणूस शोधा, मग पाकीट काढा.
मराठीतलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. ऐंशीच्या दशकात गर्द नावाच्या विषानं तरुण पोरं संपत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचलं आणि त्यांच्या प्रतिष्ठानानं एक लाख रुपये देऊ केले. पण ज्यांच्या भरवशावर ते पैसे आले, त्या डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात आधीपासून काम करत होत्या. त्याच आवारात 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू झालं आणि आजही चालू आहे. आता तिथं मोबाइलच्या व्यसनाचेही रुग्ण येतात. लाख रुपये तेव्हा मोठे होते हे खरं, पण ते ज्या बाईच्या हाती गेले ती त्याहून मोठी होती. तुमच्या गावात अशी कोण आहे? निवृत्त शिक्षिका असेल, आशा ताई असेल, मुलं ज्याला घाबरत नाहीत असा पीटीचा सर असेल. एक महिना फक्त हे शोधण्यात घालवा.

टाळा : टॅब, स्मार्ट बोर्ड, ‘एआय लॅब’.
या वस्तूंवर दात्याचं नाव कोरता येतं, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. 12 हजारांचा एक, असे 40 टॅब घेतले तर 4 लाख 80 हजार गेले. एका प्रशिक्षित समुपदेशकाला महिना 20 हजार धरले तर तेवढ्याच पैशात तो दोन वर्षं गावात राहतो. टॅब दोन वर्षांनी कपाटात असतील. आणि ज्या पडद्यानं पोरगं झोपेना झालंय, त्याच्यावर इलाज म्हणून दुसरा पडदा द्यायचा, हा हिशेब मला तरी कळत नाही.

करा : शेजारच्यांनी काय केलं ते जाऊन बघा.
पांढुर्ण्याची हद्द ओलांडली की अमरावती जिल्हा. तिथल्या 30 गावांत ‘संगथ’ या गोव्याच्या संस्थेनं टाटा ट्रस्ट्सच्या पैशातून ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालवला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली. ती घरोघरी गेली, बैठका घेतल्या, ऐकून घ्यायला शिकली. जड प्रकरण वरच्या समुपदेशकाकडे, त्याहून जड असलं तर डॉक्टरकडे. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांपर्यंत मदत पोचत होती, म्हणजे 4.3 टक्के. दीड वर्षानं तो आकडा 27.2 टक्के झाला. 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात हे छापून आलं. ना इमारत, ना अ‍ॅप. कापूस, संत्रा आणि कर्ज यांच्यात अडकलेली, आपल्यासारखीच गावं ती.

नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’नं हाच मार्ग घेतला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचं ते काम, आणि पुढं त्याला हर्ष मारीवाला यांच्या ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’चं पाठबळ मिळालं. तिथं मोबाइल होता, पण गावातल्या कार्यकर्त्याच्या हातात. त्यावर छोट्या फिल्म दाखवायच्या आणि दाखवून झाल्यावर बोलायला बसायचं.

आणखी जवळ बघायचं तर छिंदवाडा. दीपिका पदुकोणच्या ‘लिव्ह लव्ह लाफ’ संस्थेचं ग्रामीण काम त्या जिल्ह्यात पोचलंय. ऑक्टोबर 2025 मध्ये, संस्थेला दहा वर्षं झाली तेव्हा, दीपिका स्वतः तिथं येऊन गेली. ते काम मुख्यतः मनोरुग्ण आणि त्यांची देखभाल करणाऱ्या घरच्यांसाठी आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा प्रश्न त्याहून वेगळा, पण माणसं कशी नेमली, कशी शिकवली, हे विचारायला सिल्लेवानीचा घाट चढून जायला हरकत नाही.

टाळा : ‘आमचा चॅटबॉट 24 तास समुपदेशन करतो’ असं सांगणाऱ्याला लगेच होकार.
आधी स्वतः करून बघा. त्याच्या बॉटला तीन वाक्यं टाइप करा: ‘मले करमून नाही राह्यलं’, ‘घरच्याइले मी जड झालो’, आणि तिसरं आपल्या पोरांच्या खऱ्या सवयीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. उत्तरात 14416 हा सरकारी मदतीचा नंबर आला का? माणसाशी जोडून दिलं का? की ‘तुमच्या भावना समजतात’ एवढ्यावर निभावलं? विक्रेत्यासमोर बसून करा. दहा मिनिटं लागतात आणि दहा लाख वाचतात.

हे भीती घालायला सांगत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये ओपनएआयनं स्वतःच सांगितलं की चॅटजीपीटीच्या आठवड्याच्या वापरकर्त्यांपैकी 0.15 टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताच्या स्पष्ट खुणा दिसतात. तेव्हा वापरणारे 80 कोटी. म्हणजे दर आठवड्याला 12 लाख माणसं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या, जीव दिलेल्या 16 वर्षांच्या एका मुलाच्या आईवडिलांनी त्या कंपनीवर खटला भरला होता. नोव्हेंबरात कॅरेक्टर एआय या कंपनीनं 18 वर्षांखालच्यांसाठी मनमोकळ्या गप्पांचं दार बंद केलं. यंत्र बनवणारेच इतके सावध झालेत, तर आपण देणगीच्या पैशातून ते शाळेत का घुसवायचं?

टाळा : एकाच अ‍ॅपवर सगळी भिस्त.
‘वोबॉट’ हे मानसिक आरोग्याचं गाजलेलं अमेरिकी अ‍ॅप 30 जून 2025 ला बंद झालं. सवय लागलेल्या पोराला सोबती असा एका तारखेला नाहीसा होणं परवडत नाही.

करा : एआयला मागच्या खोलीत कामाला लावा.
समुपदेशकाच्या नोंदी नीट लावणं, हिंदीतलं साहित्य वऱ्हाडी वळणाच्या मराठीत आणणं (आणि मग गावातल्या दोघांकडून तपासून घेणं), कोण पुन्हा आलं नाही त्याची आठवण देणं, नव्या कार्यकर्त्याला सरावासाठी खोटा संवाद रचून देणं, ही कामं त्याला द्या. आपल्याच राज्यात, सीहोरला, ‘संगथ’नं आशा ताईंना नैराश्याशी झुंजण्याचं प्रशिक्षण मोबाइलवरून देऊन पाहिलं. तंत्र होतं, पण शेवटी दारात जाऊन बसणार होती ती आशा ताईच.

करा : तीन वर्षांचं वचन द्या, लेखी.
पहिल्या वर्षी पोरं नुसती बघतात. दुसऱ्या वर्षी एखादी पोरगी मैत्रिणीसाठी म्हणून विचारायला येते. तिसऱ्या वर्षी ती स्वतःसाठी येते. त्याच वेळी तुम्ही पैसे थांबवले तर आधी न दिलेले बरे होते. 20 हजारांच्या हिशेबानं तीन वर्षांचे 7 लाख 20 हजार होतात. दहा जणांनी वाटून घेतले तर एकेकाचा महिन्याचा वाटा 2 हजार.

सीएसआरवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. 2013 च्या कंपनी कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्चायचे आहेत, आणि नियम चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं मुभा देतात. प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून पगार देता येत नाही, हा गैरसमज आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या समुपदेशकाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे. ‘साहेब, पगाराला पैसे नाहीत, वस्तू सांगा’ हे वाक्य फार ऐकलंय.

टाळा : समुपदेशनाची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी.
तिथं जाणारं पोरगं सगळ्या शाळेला दिसतं आणि संध्याकाळपर्यंत बाजारात कळतं. ‘कोणाचा पोरगा रे तो? दिमागवाल्या मॅडमकडे गेला म्हणे.’ खोली वाचनालयाच्या मागं द्या, खेळाचं सामान ठेवतात तिथं द्या. दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी नको. करिअर, अभ्यास, झोप, काहीही विचारा, असं निमित्त ठेवा. पोरं झोपेचं विचारायला येतात आणि विसाव्या मिनिटाला खरं बोलतात.

करा : कायद्याचा आधार घ्या.
25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. मार्कांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं हेही न्यायालयाला मान्य नाही. हे कोचिंग क्लासलाही लागू आहे, फक्त शाळेला नाही. संस्थाचालकाला भेटताना सूचनांची छापील प्रत सोबत न्या. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना या पट्ट्यातल्या चार लहान शाळांनी मिळून एक माणूस ठेवला आणि तुम्ही त्याचा पगार उचलला, तर न्यायालयाची सूचनाही पाळली जाते आणि गावाचं कामही होतं.

करा : जामसावळीला टाळू नका.
हा मुद्दा शहरातल्या दात्यांना अवघड वाटतो. जामसावळीच्या हनुमानाकडे लोक नवसाला येतात तसे ‘डोकं फिरलेलं’, ‘बाहेरचं लागलेलं’ माणूस घेऊनही येतात. त्यात तरुणही असतात. डॉक्टरच्या दारात जायला लाज वाटते, मारुतीच्या दारात वाटत नाही. श्रद्धेशी भांडून उपयोग नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालतो: दुआ करा, आणि शेजारीच बसलेल्या डॉक्टरलाही दाखवा. उलट तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयघराला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. या दोन टोकांच्या मध्ये करण्यासारखं खूप आहे. देवस्थानाशी आदरानं बोला. शनिवारी-मंगळवारी एका टेबलाची जागा मागा. टेबलाशी बसणारा मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारा हवा, आणि नागपूरच्या किंवा छिंदवाड्याच्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायची सोय पक्की असायला हवी. चिठ्ठी आणि गाडीभाडं दोन्ही द्या. नुसत्या चिठ्ठीनं कोणी नागपूर गाठत नाही.

टाळा : एकदिवसीय शिबिर, प्रेरणादायी व्याख्यान, ‘सकारात्मक राहा’चे फलक.
वक्ता गेला की विषय गेला.

करा : पोरांची भीती नेमकी कशाची आहे ते विचारा.
सगळं दुःख आजार नसतं. मध्य प्रदेशात माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाचा डीसीए-पीजीडीसीए हा कॉम्प्युटरचा कोर्स लहान गावांतली पोरं हौसेनं करतात, ऑपरेटरची नोकरी लागेल म्हणून. आता ती विचारतात की हे काम एआय करणार, तर मी काय करू? पटवारीचा, पोलीस भरतीचा अभ्यास करत पंचविशी गाठलेला पोरगा, बोरगावला ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाणारा त्याचा भाऊ, शेतात आंबिया बहार गळाला म्हणून चिडलेला बाप, हे सगळं एका घरात असतं. त्याला ‘श्वासाकडे लक्ष द्या’ सांगणं क्रूर आहे. कोणतं काम टिकेल, कोणतं बदलेल, कोणतं आजच शिकायला हवं, हे खरं सांगणारा माणूस वर्षातून चार वेळा आणा. खोटी आशा नको, धमकीही नको. त्याचं मानधन मानसिक आरोग्याच्या खात्यातच लिहा.

करा : पोरींसाठी वेगळा बंदोबस्त.
फोटोवरून खोटं नग्न चित्र बनवायला आता दोन मिनिटं लागतात. असं चित्र गावाच्या ग्रुपवर आलं की पोरीचं शिक्षण थांबतं, बनवणाऱ्याचं थांबत नाही. दात्यांनी एका वकिलाची आणि एका बाई समुपदेशकाची फी वर्षभरासाठी भरून ठेवावी. पोरींना हे आधीच माहीत हवं: सायबर गुन्ह्यासाठी 1930, मुलांसाठी 1098, आणि 18 वर्षांखालच्यांची अशी चित्रं मोठ्या संकेतस्थळांवरून काढवायला ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. पहिला फोन शिव्या देणाऱ्या काकाला जाऊ नये, एवढं जमलं तरी पुष्कळ.

टाळा : पोरांचं बोलणं कोणाच्याही मालकीचं होऊ देणं.
अमेरिकेत ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ नावाची चांगली धर्मादाय संस्था. संकटातल्या लोकांचे संदेश तिनं नावं काढून आपल्याच एका नफा कमावणाऱ्या कंपनीला दिले होते, हे 2022 च्या जानेवारीत बाहेर आलं आणि ओरड झाल्यावर थांबवावं लागलं. हेतू वाईट नसतानाही असं होतं. देणगीच्या कराराला एक ओळ जोडा: मुलांच्या बोलण्याची नोंद दात्याला, शाळेला, कंपनीला, कोणालाच मिळणार नाही. 2023 च्या डिजिटल विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिथूनच नमस्कार करा.

टाळा : लाभार्थ्यांसोबत फोटो.
धनादेश देताना शाळेच्या इमारतीचा काढा हवा तर.

करा : निकालाच्या दिवसाची तयारी.
बोर्डाचा दहावी-बारावीचा निकाल लागतो तो दिवस आणि पुढचे दहा दिवस, दोन माणसं फोनवर बसवा. नापास पोरांना पुन्हा संधी देणारी ‘रुक जाना नहीं’ योजना राज्यानं 2016 मध्ये आणली. तेव्हापासून दुसऱ्या संधीची वाट कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. यंदाची वाट कोणती, अर्ज कुठं, शेवटची तारीख काय, हे एका कागदावर छापून निकालाआधी घरोघर द्या. त्या रात्री पोराच्या बापाच्या हातात तो कागद असला तर बोलणं बदलतं.

करा : सरकारला विचारत राहा.
या राज्यात जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ सुरू झाले, त्याचा पाया सीहोरच्या कामात होता. पांढुर्णा जिल्हा 5 ऑक्टोबर 2023 ला छिंदवाड्यातून वेगळा झाला. नव्या जिल्ह्यात मनकक्षाची खोली, माणूस आणि औषधं कुठं आहेत, हे दर तीन महिन्यांनी लेखी विचारा. दात्याचं पत्र साहेब वाचतात. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या जत्रेत दगड लागला तर पट्टी बांधायला जाम नदीच्या काठावर दरवर्षी वैद्यकीय पथक हजर असतं. मनाला लागलेल्या दगडासाठी वर्षातून एक दिवस तरी तसं पथक मागायला काय हरकत आहे?

टाळा : ‘किती मुलांपर्यंत पोचलो’ हा आकडा.
प्रार्थनेच्या वेळी पाच मिनिटं बोललं की 600 मुलं ‘पोचली’. विचारा की किती जण दुसऱ्यांदा आले, आणि किती जण स्वतःहून आले. पहिल्या वर्षी उत्तर सात असेल. सात चांगला आकडा आहे.

आणि शेवटचं करा : समुपदेशक मिळायला चार महिने लागतील, देणगीचे कागद व्हायला सहा. तोवर 14416 आहे. टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू, फोन फुकट, रात्रंदिवस, आणि पलीकडे माणूस असतो. भाषा निवडता येते. किराणा दुकानाच्या पाटीखाली, पानठेल्यावर, ऑटोच्या मागं, कोचिंगच्या जिन्यात हा नंबर रंगवायला एक डबा रंग आणि एक रविवार लागतो. या रविवारी रंगवा.